भिंगबाईंच्या बोटातला खडा

आमच्या सासूबाईंना सगळा बाजार भिंगबाई म्हणतो. तोंडावर म्हणतो, पाठीमागेही म्हणतो, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. उलट कुणी नवखा माणूस खाली जिन्यापाशी घुटमळत "खड्यांचे दागिने करतात ते दुकान हेच का?" असं विचारायला लागला की त्या वरून ओरडतात, "अरे, भिंगबाई कुठे बसतात असं विचार, कुणीही सांगेल!" गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं ते भिंग फक्त आंघोळीपुरतं उतरतं. माझं लग्न ठरवायला त्या आमच्या घरी आल्या तेव्हाही ते गळ्यात होतं. चहा पिता पिता त्यांनी माझ्या आईच्या कानांकडे दोनदा पाहिलं आणि विचारलं, "डाव्या कानातला खडा नंतर बदललाय, नाही का?" बदललेला होता, आणि ते आमच्या घरात फक्त आईला ठाऊक होतं. सोयरीक तिथेच फिसकटायची, पण माझ्या वडिलांना हसू आवरलं नाही म्हणून निभावलं.

दुकान म्हणजे चपला दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मोठी खिडकी, खिडकीला लागून लोखंडी कडेचं टेबल, टेबलावर पांढरा कागद अंथरलेला. गिऱ्हाइकासाठी एक तीन पायांचं स्टूल आहे. ते मुद्दाम ठेवलंय असा माझा जुना संशय आहे, कारण त्यावर कुणालाही फार वेळ बसवत नाही. मागच्या खोलीत सासऱ्यांचं राज्य. गॅसची बत्ती, पॉलिशची मोटर, सांडशा, चिमटे आणि कधीच नीट न लागणारा एक रेडिओ. आमच्या ह्यांनी या धंद्यात पडायला साफ नकार दिला आणि शाळेत गणित शिकवायला गेले. रिकामी खुर्ची मी पटकावली. मी खडे बसवते. सासू आणि सून रोज दिवसभर एकाच टेबलावर बसतो आणि दोघीही अजून धडधाकट आहोत, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

आमच्याकडे लोक येतात ते बहुतेक हिऱ्याची किंमत ऐकून, कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानातून तोंड पाडून. आई, म्हणजे आमच्या सासूबाई, हिऱ्याला नावं ठेवत नाहीत. "छान असतो हिरा. ज्याला परवडतो त्याने घ्यावा आणि सुखात राहावं," असं म्हणतात, "माझ्याकडे उरलेलं जग येतं, आणि ते जग मोठं आहे." मग गिऱ्हाईक डबीतल्या खड्यांकडे हात नेतं, तर त्या डबी मागे ओढतात. आधी हात दाखवायचे. हात उलटेसुलटे करून, नखं बघून, विचारणार, "दिवसभर या हातांनी काय करतेस?"

या प्रश्नाने माणसं आधी बावचळतात. पण आईंचं सगळं गणित त्या उत्तरावर चालतं. बेकरीत पाव करणारी एक बाई आली होती, तिला उंच बसवलेला टपोरा खडा हवा होता. "पिठाचा गोळा होईल त्याखाली, रोज सुईने कोरत बसशील," म्हणून आईंनी तिला पांढरा नीलम दिला, तोही बोटाला चिकटून बसेल असा खाली. नीलमच तो, फक्त निळा रंग नसलेला. कठीण, शांत, फार लखलखाट न करणारा. "याला साबणाच्या पाण्याने वरचेवर धुवायचं, नाहीतर रुसतो," हे वर. दवाखान्यातल्या नर्सबाईंचे हातमोजे अडकायला नकोत म्हणून खड्याभोवती सोन्याची सलग कड. ज्यांना चारचौघांत उठून दिसायचंय त्यांच्यासाठी मॉइसनाइट. तो प्रयोगशाळेत घडवतात, हिऱ्यापेक्षाही जास्त रंग उधळतो, आणि आई म्हणतात, याला लाजायचं कारण नाही, हा स्वतःच्या नावावर जगतो. टोपाझ मात्र गळ्यात घालायचा, बोटात घातला तर कामकरी बाईच्या हाती एका वर्षात खरवडून निघतो. एका शिक्षिकेला त्यांनी पांढऱ्याऐवजी स्पिनेल नावाचा राखाडी खडा घ्यायला लावला, कारण ती आल्यापासून तीनदा त्याच खड्याकडे बघत होती आणि मागत होती मात्र दुसराच. ती बाई अजून दुकानावरून जाताना खालून हात हलवून दाखवते.

त्यांचा एक नियम मात्र गिऱ्हाइकांना खटकतो. दागिना तयार झाला की देणारा आणि घेणारा, दोघांनी यायचं. देणाऱ्याने त्या स्टुलावर बसायचं आणि घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघून खड्याचं नाव सांगायचं. "हा पांढरा नीलम आहे." एवढंच. मग डबी मिळते. कुणी कुजबुजलं तर आई कानामागे हात धरतात आणि पुन्हा सांगायला लावतात.

नवीन होते तेव्हा मी वाद घातला होता. "अहो आई, लोक दागिना न्यायला येतात, कोर्टात साक्ष द्यायला येत नाहीत."

"अगं, स्वस्त खड्याची लाज नसते, लपवलेल्या खड्याची असते," त्या म्हणाल्या. "एकदा नाव घेतलं की माणूस मोकळा होतो. मग जन्मभर ऐटीत घालतो."

मी तोंड वाकडं केलं, पण पुढे बघत गेले तसं पटत गेलं. नाव घेताना लोकांचे कान लाल होतात, आणि नाव घेऊन झालं की त्याच माणसाची मान ताठ होते.

आता त्यांच्या स्वतःच्या बोटाविषयी. आईंच्या अनामिकेत हिरा होता. लग्नात सासऱ्यांनी घातलेला, मसुराच्या दाण्याएवढा. तो त्यांचा हुकमी एक्का होता. गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं की हात पुढे. "हे बघ, माझ्याकडे हिरा आहे. मला मिळाला नाही म्हणून नाक मुरडते असं समजू नकोस. रोज माझ्या डोळ्यांसमोर असतो, आणि तरी तुला सांगते, तुझ्या हाताला नीलमच बरा." त्यांच्या शब्दाला जे वजन होतं ते त्या अंगठीमुळे होतं, आणि हे त्यांना पुरतं माहीत होतं.

या अंगठीला त्यांनी कधीही भिंग लावलं नव्हतं. दुसऱ्याच्या आईच्या कानातला खडा ओळखणारी बाई आपल्या बोटाकडे मात्र साध्या डोळ्यांनी बघायची. मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "दिवसभर लोकांच्या वस्तूंवर संशय घेत असते. एका तरी वस्तूवर विश्वास टाकू दे की." सासरे तेव्हा चहा प्यायला पुढच्या खोलीत आले होते. ते कप तसाच घेऊन आत गेले.

बाबा म्हणजे सासरे. ते कमी बोलतात. खरं तर आई बोलत असताना दुसऱ्याला बोलायला फट सापडावी लागते, आणि बाबांनी ती शोधणं कधीच सोडून दिलंय. पण त्यांच्यासारखी आच देणारा माणूस मी पाहिलेला नाही. केसाएवढ्या तारा जोडतात, आणि आजवर त्यांच्या हातून एकही खडा जळालेला नाही. याचा त्यांना गर्व आहे, तेवढाच एक.

तर एक दिवस एक तरुण आला. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा, लग्न ठरलेलं होतं. मुलगा चांगला वाटला. तासभर नीट विचारून, खिडकीत धरून, सावलीत धरून त्याने मॉइसनाइट पसंत केला. मधे आईंनी नेहमीसारखा आपला हिराही दाखवून झाला. सगळं ठरलं, बोटाचं माप ठरलं, आणि मग तो पुढे वाकून हळूच म्हणाला, "काकू, एक विनंती आहे. मी तिला हिराच सांगणार आहे. तुम्ही फक्त गप्प राहा."

आईंनी चिमटा खाली ठेवला. "का रे?"

"तिच्या बहिणीला हिऱ्याची अंगठी मिळालीय. हिला कमीपणा नको वाटायला. आणि हा दिसतो की हिऱ्यासारखा. हिरा तपासायचं पेनसुद्धा फसतं म्हणे याला."

"फसतं. पेनाला संसार करायचा नसतो. बायकोला असतो."

"तिला कधी कळणारच नाही, काकू."

"उद्या खडा धरणारं सोन्याचं नख तुटेल, ती कुठल्या तरी सोनाराकडे जाईल, तो भिंग लावेल आणि चार लोकांत सांगेल. त्या दिवशी तिला खड्याचं काही वाटणार नाही. तू आजवर जे जे सांगितलंस ते सगळं ती मनात पुन्हा तपासून बघेल. तेव्हा काय करशील?"

मुलगा ऐकेना. म्हणाला, लोक सगळे असंच करतात. झालं, आईंचा पारा चढला. "ज्याला बायकोसमोर एका खड्याचं नाव घेता येत नाही, त्याने लग्न करू नये!" असं म्हणत त्यांनी टेबलावर हात आपटला. आपटला तो नेमका लोखंडी कडेवर. अंगठी खणकन वाजली.

मुलगा उठला. त्याचा चेहरा पडला होता, आवाजही चढला होता. "तुम्हाला बोलायला काय जातंय, काकू? तुमच्या बोटात हिरा आहे." आणि धाडधाड जिना उतरून गेला.

आई त्याच्या मागे दोन वाक्यं फेकणार होत्या, पण त्यांचं लक्ष अंगठीकडे गेलं. खडा धरून ठेवणारी चार सोन्याची नखं असतात, त्यातलं एक पार तुटलं होतं. बाकीची तीन तर आधीच झिजलेली. बोट लावलं की खडा डुगडुगत होता. बाबा मधल्या दारात सांडशी घेऊन उभे होते. कधीपासून उभे होते कुणास ठाऊक. आईंनी अंगठी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "एवढी नखं भरून द्या. आजच द्या, बोट ओकंबोकं वाटतं मला."

बाबांनी अंगठी फिरवून फिरवून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "खडा काढून दे."

आमच्या कारखान्यातली रीत सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. नखं भरायची म्हणजे त्यांच्या टोकांवर सोनं वितळवून चढवायचं, त्याला बत्तीची आच लागते. खडा हिरा असेल तर तो कुणी काढत नाही. बोरिक पावडरचा लेप द्यायचा आणि खड्यासकट आच द्यायची, हिऱ्याला त्याचं काही होत नाही. मी या घरात आल्यापासून बाबांनी कितीतरी हिऱ्यांच्या अंगठ्या अशा भरल्या असतील, एकदाही खडा काढून मागितला नव्हता. काढून मागतात ते टोपाझ, जरकन, पाचू. आच लागली की रंग बिघडणारे, तडकणारे.

माझा हात जागच्या जागी थांबला. आईंकडे बघायचं धाडस होईना.

"काय म्हणालात?" आई म्हणाल्या.

"खडा काढून दे म्हटलं. कशाला धोका."

"हिऱ्याला कसला धोका?"

बाबांना सांगता आली असती दहा कारणं. खड्याला आत चीर दिसते म्हणायचं, गॅस आज नीट येत नाही म्हणायचं. ते नुसते उभे राहिले. बाबांना खोटं बोलता येत नाही, असं मी एरवी म्हटलं असतं. त्या क्षणी ते म्हणायची सोय राहिली नव्हती.

खडा गेला खड्ड्यात, मला त्या दोघांची भीती वाटली. या बाईने आपला सगळा शब्द त्या अंगठीवर उभा केला होता. हजार लोकांना बायको-नवऱ्यात खड्यावरून खोटं नको म्हणून बजावलं होतं, तेही तोच हात पुढे करून.

आईंनी अंगठी परत घेतली. चिमट्याने उरलेली नखं उघडली, खडा पांढऱ्या कागदावर घेतला, आणि खिडकीकडे तोंड करून डोळ्याला भिंग लावलं. पहिल्यांदा. खड्याच्या आत मागच्या कडा एकेरी दिसल्या तर हिरा असू शकतो, दुहेरी दिसल्या तर नक्की दुसरं काहीतरी, हे त्यांनीच मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. त्यांनी खडा एकदा फिरवला आणि भिंग खाली केलं.

"बसा," त्या म्हणाल्या, आणि स्टुलाकडे बोट केलं.

बाबा जन्मात पहिल्यांदा त्या स्टुलावर बसले.

"नाव सांगा."

"जरकन."

"मोठ्याने."

"जरकन आहे. पांढरा." आणि मग घाईघाईने, "खाणीतला आहे."

जणू त्याने गुन्हा हलका होणार होता. बाजारात याच नावाने कारखान्यातले झगमगते नकली खडे विकतात, हा त्यातला नव्हता, हे खरं. हा जमिनीतला अस्सल खडा, उघड्या डोळ्यांना हिऱ्याच्या सगळ्यात जवळचा. पण आईंना त्या क्षणी त्याचं कौतुक नव्हतं. त्या अशा काही बोलल्या की खालचा चांभार हातोडी ठेवून गप्प झाला असावा, कारण खालची ठकठक थांबली.

"किती माणसांसमोर हा हात पुढे केला मी? किती जणांना म्हटलं, माझ्याकडे हिरा आहे, म्हणून ऐक माझं? माझ्या तोंडून इतकी वर्षं खोटं वदवून घेतलंत तुम्ही! आणि आत्ता त्या पोराला काय काय बोलले!"

"ऐकलं मी," बाबा म्हणाले. "म्हणूनच म्हटलं, खडा काढून दे. नाहीतर नेहमीसारखा मीच गुपचूप काढला असता."

"नेहमीसारखा?"

बाबांनी मान खाली घातली. फट सापडली होती, आणि एवढ्या वर्षांचं बोलणं एकदम बाहेर आलं. लग्नाच्या वेळी ते दुसऱ्याच्या हाताखाली शिकत होते. हिरा घालीन असं सगळ्यांसमोर बोलून बसले आणि ऐपत नव्हती. वाटलं, आता हा बसवू, पुढच्या वर्षी बदलू. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याच्या पुढे हे दुकान झालं. "आणि मग तू भिंग हातात घेतलंस," ते म्हणाले, "आणि माझी झोप उडाली."

"पुढे तर ऐपत आली होती. मग हिरा का नाही बसवून टाकलात? मला कळलंही नसतं."

"म्हणूनच नाही बसवला. बसवला असता तर सांगायचं कारणच संपलं असतं. मग ते खोटं कायमचं खरं होऊन बसलं असतं. जरकन होता तोवर कधीतरी सांगायला लागेल हे ठाऊक होतं मला."

आईंनी पुन्हा भिंग लावलं. आता त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कामात असताना कपाळावर येते ती आठी होती. जरकन चमकतो छान, पण त्याच्या कडा नाजूक. बोटात घातला तर दोन-तीन वर्षांत धार जाते, बारीक कपचे उडतात. आणि आई हात कसा वापरतात ते सगळ्यांनी पाहिलंय. हिरा आहे म्हणून बिनधास्त भांडी घासणार, कुलपं ओढणार, टेबलावर आपटणार.

"याच्या कडा कोऱ्या आहेत," त्या हळू म्हणाल्या. "माझ्या हातात हा इतकी वर्षं टिकूच शकत नाही. अहो, हा कितवा?"

बाबा बोटं मोजायला लागले. खरंच मोजायला लागले. "अकरावा. नाही, बारावा. एक काढताना उडाला तो सापडलाच नाही." मग आत गेले आणि एक कागदाची पुडी घेऊन आले. कागदावर सगळे जुने जरकन, घासलेले, कडा बोथट झालेले. दर दोन-तीन वर्षांनी अंगठीला चकाकी आणून देतो म्हणून ते अंगठी मागून न्यायचे आणि खडा बदलून आणायचे. तोच आकार, तीच घडण हुडकून काढायची म्हणजे गंमत नव्हे, त्यासाठी त्यांनी किती बाजार पालथे घातले असतील देव जाणे. ज्या बाईच्या नजरेतून माझ्या आईच्या कानातला खडा सुटला नाही, तिच्या बोटातला खडा त्यांनी अकरा वेळा बदलला होता.

इथे आई हसल्या असं लिहायला मला आवडलं असतं. त्या रडल्या. एप्रनने डोळे पुसत, मधे मधे त्यांना बोल लावत, रागारागाने रडल्या. मी चहाच्या निमित्ताने खाली गेले आणि उगीचच चांभाराकडून चपलेला टाका घालून घेतला.

त्यानंतर काही दिवस घरात माझ्यामार्फत बोलणी चालली. "यांना सांग, पंखा बंद करा." आणि बाबा हाताच्या अंतरावर बसलेले. बाबांनी नखं भरून अंगठी लखलखीत करून ठेवली होती, रिकामी. "आता हिरा आणू. आता जमेल," असं ते मला म्हणाले, मी आईंना सांगितलं, आईंनी ऐकलंच नाही असं केलं.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी काळजी केली नसती. पण दुकानात त्या पार मिटून गेल्या. हात टेबलाखाली. गिऱ्हाइकाने नीलम म्हटलं तर नीलम, टोपाझ म्हटलं तर टोपाझ, काय हवं ते घे. आणि मग एक गृहस्थ बायकोसाठी केलेलं पदक न्यायला आला, एकटाच, आणि आईंनी डबी त्याच्या हातात देऊन टाकली.

"आई, नाव?" मी म्हटलं.

"राहू दे गं. मी कुठल्या तोंडाने सांगू लोकांना?"

मला राग आला. मला राग लवकर येतो, हे त्या सगळ्यांना सांगत असतात. "तुम्ही खोटं बोललात का? तुम्हाला जे ठाऊक होतं ते सांगितलंत. आता वेगळं कळलंय, तर आता ते सांगा. तुमचा नियम तुम्हाला लागू नाही का?" त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला वाटलं, आता माझ्याशीही आमच्या ह्यांच्यामार्फतच बोलणार.

दुसऱ्या दिवशी तो लिफ्टवाला मुलगा परत आला, आईंचं बोलणं मनाला लागलं असावं. सोबत मुलगी होती. चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याने तिला अजून काही सांगितलेलं नाही, नुसतं चल म्हणून घेऊन आलाय. तो स्टुलावर बसला. त्याने पसंत केलेला मॉइसनाइट, अजून न बसवलेला, मी कागदावर काढून ठेवला. त्याने तोंड उघडलं, मिटलं, घाम पुसला.

"ऊठ," आई म्हणाल्या. "आधी मी बसते."

त्या टेबलाला वळसा घालून पुढे आल्या आणि स्टुलावर बसल्या. मधल्या दारात बाबा येऊन उभे राहिले. आईंनी आपला हात टेबलावर ठेवला, बोटावर अंगठीचा फिका वळ होता.

"त्या दिवशी मी तुला याच बोटातला हिरा दाखवला आणि नको नको ते बोलले. तो हिरा नव्हता. जरकन होता. मला ठाऊक नव्हतं, पण सांगितलं मी, तेव्हा दुरुस्तही मीच करायचं. जरकन." मोठ्याने म्हणाल्या. कान लाल झाले होते. मग उठल्या, आणि त्यांची मान ताठ झाली. एवढ्या दिवसांनी ताठ झाली, आणि मला एकदम बरं वाटलं. "बस आता तू."

मुलगा बसला. मुलीकडे बघून म्हणाला, "हा मॉइसनाइट आहे. मी तुला हिरा सांगणार होतो."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं, खड्याकडे पाहिलं, मग आईंकडे वळली. "मी रोपवाटिकेत काम करते, काकू. दिवसभर हात मातीत असतात. हा टिकेल?"

"हात दाखव," आई म्हणाल्या. नखं पाहिली, बोटं वाकवून पाहिली. "टिकेल. माती म्हणजे बारीक वाळू, नरम खड्याला ओरखडे पाडते, याला नाही पाडणार. खाली बसवून देते, म्हणजे माती अडकायची नाही."

"मग झालं की," मुलगी म्हणाली, आणि मुलाच्या पाठीत एक धपाटा घातला. तो बराच जोरात होता. हिरा सांगणार होता त्याचा असावा. मग तिला काय वाटलं कोण जाणे, दाराकडे एक नजर टाकून तिने विचारलं, "आणि तुम्ही, काकू? तुम्ही आता हिरा बसवणार का?"

दारातले बाबा हलले नाहीत.

"हिरा?" आई म्हणाल्या. "मी सगळ्यांना सांगते, जरकन कानात घाला, गळ्यात घाला, बोटात घालू नका, कडा जातात. पण ते तुमच्यासाठी. तुमच्या घरी तो दर दोन-तीन वर्षांनी बदलून देणारा माणूस नाही. माझ्या घरी आहे. मी जरकनच घालणार. फक्त यापुढे चोरून नाही, मला समोर बसवून बदलायचा."

"काय म्हणालीस?" बाबांनी विचारलं. त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला होता, मी त्यांच्याकडेच बघत होते.

आईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, मोठ्याने.